दोन पाहुणे

कॅनडाला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्यावर लिहायचे, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. धबधबा मीही पाहिला. भिजलो, फोटो काढले आणि परत येताना मोटारीत घोरत पडलो. पण २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत टोरांटोला माझे जे सहा आठवडे गेले, त्यांतून नायगारा वजा केला तर फारसे काही कमी होत नाही. युनिव्हर्सिटी अव्हेन्यू नावाचा एक रस्ता वजा केला, तर मात्र हाती काही उरत नाही. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी. मी त्या रस्त्याविषयी लिहिणार आहे, आणि त्या रस्त्यावरून माझ्याबरोबर चालणाऱ्या माझ्या भाचीविषयी.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती आणि भाऊजी १९९७ साली टोरांटोला गेले. मी मराठीचा प्राध्यापक. आमची धाव फार तर साहित्य संमेलनाच्या मांडवापर्यंत. ताईकडे जायचे जायचे म्हणता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे गेली. शेवटी एकदाचा निघालो. एका बॅगेत माझे कपडे आणि दुसऱ्या बॅगेत चकल्या, शेव, बेसनाचे लाडू. उन्हाळ्यात दिवाळीचा फराळ कशाला, असे कस्टमवाल्याने विचारले असते तर काय सांगावे, याची इंग्रजी वाक्येही मी जुळवून ठेवली होती. त्याने काही विचारलेच नाही.

विमानतळावर मामाने भाचीला पोटाशी धरावे, ही साधी गोष्ट. पण ती पाच पावलांवरच थांबली. तोंडावर मास्क, वर नुसते हसरे डोळे. तिने दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मी म्हटले, परदेशात वाढलेल्या पोरीने संस्कार काय जपलेत!

"मामा, संस्कार नाहीत रे," ती म्हणाली. "तू विमानभर माणसांचा श्वास घेऊन आलायस. दोन-चार दिवस लांबूनच."

ताईने विचारले, "घसाबिसा ठीक आहे ना रे?"

"ठणठणीत!" मी म्हणालो.

घशाशी विमानापासूनच बारीकशी खवखव होती. पण खवखवीला आजार म्हणण्याची आपल्या घरची रीत नाही. मिठाच्या गुळण्या केल्या की झाले. हे 'ठणठणीत' मला पुढे फार महागात पडले. पण ते यथाक्रम सांगतो.

ताईचे पहिले मूल म्हणजे मुलगा. १९९४ चा जन्म. भूक राक्षसाची, पण खाल्लेले अंगी लागत नसे. छाती सदा घुरघुरायची. आमच्या तालुक्याच्या गावी कुणी बाळदमा म्हटले, कुणी क्षयाची सुरुवात म्हटले. दृष्टही काढून झाली. आजी त्याचा मुका घेई आणि ओठ पुसत म्हणे, "पोराचं कपाळ मिठागरासारखं खारट गं!" आम्ही सगळे हसायचो. १९९६ च्या थंडीत तो गेला.

आजीला युरोप कुठे आहे हे ठाऊक नव्हते. पण तिकडच्या म्हाताऱ्याही पिढ्यान् पिढ्या हेच सांगत आल्या होत्या, की ज्या मुलाच्या कपाळाचा मुका खारट लागतो ते मूल फार दिवसांचे नसते. या रोगाला सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली त्याचे नीट वर्णन केले. त्याच शहरात १९४८ साली उन्हाची मोठी लाट आली, तेव्हा अशी मुले चटकन कोलमडताना दिसली. त्यांच्या घामावाटे मीठ वाजवीपेक्षा फार जाते, हे डॉ. पॉल दी सांत'आन्येसे यांनी १९५३ साली दाखवून दिले. शरीरातल्या पेशींना मिठाची ने-आण करणारी बारीक दारे असतात. या मुलांत ती बिघडलेली असतात. त्यामुळे घाम खारट होतो आणि छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो. त्या कफात जंतू घर करतात आणि फुप्फुस वर्षावर्षाने झिजत जाते. स्वादुपिंडाच्या नळ्याही अशाच तुंबतात, म्हणून अन्न पचत नाही. आई आणि बाप दोघांकडून हा दोष आला तरच मुलाला रोग होतो. आईबाप स्वतः धडधाकट असतात. प्रत्येक मुलागणिक चारांत एक, असा तो जुगार असतो. हा गोऱ्यांचा रोग, आपल्याकडे नाहीच, अशी आपली पुष्कळ वर्षे समजूत होती. ती चुकीची होती. आपल्याकडे तो असतो. पुष्कळदा दुसऱ्याच नावाने असतो.

भाची १९९९ साली टोरांटोत जन्मली. दहा महिन्यांची झाली आणि तोच खोकला सुरू झाला. ताईने तो आवाज ओळखला. मुलांच्या इस्पितळात डॉक्टरांनी पोरीच्या दंडाला एक लहानशी पट्टी लावून घाम काढला, मोजला आणि त्याच दिवशी रोगाचे नाव सांगितले. त्या एका दुपारी ताईला दोन गोष्टी कळल्या: मुलीला काय झाले आहे, आणि मुलगा कशाने गेला.

ते मुलांचे इस्पितळ, 'सिककिड्स', याच युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर आहे. रस्ता मोठा देखणा. मधोमध फुलझाडांचे आणि पुतळ्यांचे लांबच लांब पट्टे, दोन्ही बाजूंनी मोटारींचे प्रवाह, आणि उत्तरेच्या टोकाला क्वीन्स पार्कमध्ये प्रांताच्या विधिमंडळाची तांबूस दगडाची इमारत. या रस्त्याच्या दुतर्फा इस्पितळेच इस्पितळे आहेत. सोन्याच्या भावासाठी सराफकट्टा, पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक, तसा श्वासासाठी हा रस्ता.

पहिले चार-पाच दिवस संपले आणि भाचीने मला हा रस्ता दाखवायला नेले. ती पुढे, मी मागे. गेल्या खेपेला, म्हणजे व्हिडिओवर, मी तिला नाकात नळी घालून बसलेली पाहिली होती. आता ती माझ्या पुढे चालत होती आणि मला धाप लागत होती.

"मामा, इथे थांब," ती म्हणाली. "या टोरांटो जनरल इस्पितळात जानेवारी १९२२ मध्ये पहिल्यांदा एका मधुमेही मुलाला इन्शुलिन टोचलं. चौदा वर्षांचा होता तो. माझं स्वादुपिंड या रोगाने निकामी झालंय, म्हणून मी रोज इन्शुलिन घेते. हा माझा पहिला नमस्कार."

मग जेरार्ड रस्त्यापलीकडच्या सिककिड्सकडे बोट दाखवून म्हणाली, "१९८९ साली इथे डॉ. लॅप-ची त्सुई आणि त्यांच्या सोबत्यांनी या रोगाचं जनुक शोधून काढलं. सातव्या गुणसूत्रावर. त्या शोधातूनच पुढे गोळ्या निघाल्या. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलांना त्या लागू पडल्या. माझ्यातला दोष निराळा, दुर्मिळ. मला नाही चालल्या." हे तिने एखाद्याने आपल्या मापाची चप्पल मिळाली नाही म्हणावे, तसे सांगितले. "तरी हा दुसरा नमस्कार."

तिसरा नमस्कार पुन्हा टोरांटो जनरललाच होता. माणसाच्या छातीत दुसऱ्याचे फुप्फुस बसवण्याचा पहिला प्रयत्न अमेरिकेत मिसिसिपीला १९६३ साली झाला. तो रोगी अठरा दिवस जगला. पुढच्या वीस वर्षांत जगभर चाळीसच्या आसपास प्रयत्न झाले, पण बरा होऊन घरी गेला आणि वर्षानुवर्षे जगला असा कोणी नाही. घोडे अडे ते श्वासनळीच्या जोडापाशी. जोड भरून येण्याआधीच उसवे. टोरांटो जनरलच्या डॉ. जोएल कूपर यांनी पोटातल्या चरबीचा पदर वर ओढून त्या जोडाभोवती गुंडाळला, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये एक फुप्फुस बसवलेला त्यांचा रोगी पुढे सहा वर्षांहून अधिक जगला. दोन्ही फुप्फुसे बसवण्याचे कामही तिथेच १९८६ साली साधले. २००८ साली तर त्याच इस्पितळातल्या डॉ. शाफ केशवजी यांच्या चमूने काढलेली फुप्फुसे काचेच्या घुमटाखाली तासन् तास श्वास घेत ठेवून, पारखून आणि सुधारून मग रोग्याला बसवली. माणूस नाही आणि श्वास चालू आहे! आमच्या संतांना हे दृश्य दाखवायला हवे होते.

भाचीचे ऑपरेशन फेब्रुवारी २०२२ मधले. त्याआधी पाच महिने ती यादीवर होती. ऑक्सिजनची नळकांडी बरोबर घेऊन आठवड्यातून तीनदा चालण्याच्या यंत्रावर चालायचे, कारण दुबळ्या रोग्याला ऑपरेशन पेलत नाही. एकदा रात्री फोन आला. हे तिघे धावले, तिला तयार केले, आणि पहाटे डॉक्टरांनी येऊन सांगितले की फुप्फुसे नीट नाहीत, घरी जा. ताई म्हणते, "त्या दिवशी मी घरी येऊन भात लावला. दुसरं काय करणार?" तीन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. त्या वेळी फुप्फुसे चांगली निघाली.

ती कुणाची, हे कळत नाही. दात्याचे नाव रोग्याला सांगायचे नाही, असा तिथला कायदाच आहे.

आता घरातली गोष्ट. मी ताईकडे पाहुणा होतो, आणि भाचीच्या छातीत दुसरा पाहुणा होता. दोघांचीही बडदास्त एकाच घरात चालली होती. मात्र त्याच्या मानाने माझी काहीच नव्हती. शरीराचे पहारेकरी मोठे इमानी असतात. परका दिसला की ते अंगावर धावून जातात. पाहुण्याला त्यांनी फाडू नये म्हणून त्यांना जन्मभर गुंगीत ठेवावे लागते. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, बरोबर बारा तासांनी गोळ्या. त्यांतल्या मुख्य औषधाचा शोध १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतून लागला. आणि मौज अशी, की मातीतल्या बुरशीच्या भयाने भाचीला कुंडीत हात घालायची बंदी! ताईची तुळस घरातून निघून शेजारणीच्या गच्चीवर गेली आहे. संध्याकाळी ताई खिडकीतूनच तिला हात जोडते.

पहारेकरी गुंगीत, तर चोरांचे फावते. म्हणून मोड आलेली कच्ची कडधान्ये नाहीत, न तापवलेले दूध नाही, गर्दी नाही. पपनस नाही, कारण त्याने औषध रक्तात भलते चढते. दुसऱ्या बाजूने पाहाल तर सगळे जग तुपाला भिते आणि या पोरीला डॉक्टर तूप खा म्हणून सांगतात. मात्र घासागणिक पाचकाच्या कपसुला. माझ्या चकल्यांचे तिने सोने केले. लाडू अर्धा, तोही इन्शुलिनचा हिशेब मांडून. नव्या फुप्फुसांना हा रोग नाही, ती दात्याच्याच वळणाची राहतात. पण नाक, पोट आणि घाम मात्र तिचे तिचेच. घाम अजून खारटच आहे.

रोज सकाळी ती एका हातभर नळीत जोराने फुंकते आणि यंत्र आकडा दाखवते. पहिल्या सेकंदाला किती लिटर हवा बाहेर पडली, तो आकडा. मी पोहोचलो त्या दिवशी तो २.६२ होता. घरात पंचांगाऐवजी हा आकडा वाचला जातो.

माझ्या खवखवीची दुसऱ्याच दिवशी सर्दी झाली होती. मी नाक कोरडे ठेवायचा आटापिटा केला, रुमाल लपवला, खोलीतून कमी बाहेर आलो. ताईला वाटले, प्रवासाचा शीण. मग बरे वाटले आणि मीही विसरलो. दहाव्या दिवशी आकडा २.५० आला. अकराव्या दिवशी २.४१. बाराव्या दिवशी २.३१. भाऊजी पेपर वाचीत होते, त्यांनी पान उलटलेच नाही. दहांत एक भाग हवा कमी झाली की इस्पितळाला कळवायचे, असा नियम आहे.

मी ताईला स्वयंपाकघरात गाठले आणि सांगितले. विमानातली खवखव, 'ठणठणीत', रुमाल, सगळे सांगितले. सत्तेचाळीस वर्षांचा, मुलांना नीतिपर निबंध शिकवणारा माणूस मी. ताई बराच वेळ गॅसकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अरे, सांगितलं असतंस तर खाली तळघरातल्या खोलीत ठेवलं असतं तुला, एवढंच. घराबाहेर का काढणार होते?" तिचा आवाज चढला असता तर बरे झाले असते.

टोरांटो जनरलमध्ये भाचीच्या नाकातला नमुना घेतला, आणि श्वासनळीत दुर्बीण घालून फुप्फुसाचे कण काढले. मी, ताई आणि भाऊजी बाहेरच्या बाकावर. फुप्फुसे मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पाच वर्षे ओलांडतात, हे मी जाण्यापूर्वीच वाचले होते. घरी वाचताना ते वाक्य मोठे आशेचे वाटले होते. त्या बाकावर बसून मनातल्या मनात तेच वाक्य उलट्या बाजूने वाचले, तेव्हा हातपाय गार पडले. आधी ताईचा मुलगा आमच्या अज्ञानाने गेला होता. आता जे झाले ते अज्ञानाने नव्हते. मला सारे ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी कळले: साध्या सर्दीचा विषाणू आहे, आणि त्याच्या गडबडीत पहारेकरी जागे होऊन पाहुण्यावर थोडे धावूनही गेले आहेत. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइडची मोठी मात्रा द्यायचे ठरले. मी तिथल्या डॉक्टरबाईंना विचारले, हा विषाणू माझाच का? त्या म्हणाल्या, ट्राममधला असेल, दुकानातला असेल, सांगता येत नाही. त्यांनी मला सोडून दिले. मी स्वतःला अजून सोडलेले नाही.

ट्राम म्हणताच आठवले. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद पडली. मी ती वडिलांच्या गोष्टींतच पाहिली. टोरांटोत ती अजून धावते. औषधाचे तीन दिवस संपले, आणि भाचीने हट्ट धरला की मामाला ५०६ नंबरच्या ट्रामने जेरार्ड रस्त्याच्या पूर्वेकडच्या भारतीय बाजारात न्यायचे. दुपारची वेळ, ट्राम रिकामी. दोघांच्या तोंडावर मास्क. तिथे साड्या, मिठाया, पानाची दुकाने. ती बाहेर उभी राहिली आणि मी आत जाऊन कुरडया आहेत का विचारून आलो. नव्हत्या.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "मामा, दरवर्षी मी दात्याच्या घरच्यांना पत्र लिहिते. नाव-गाव न घालता. मधली संस्था पोचवते. उत्तर अजून आलं नाही, न येईना. पण 'थँक यू' लिहिताना फार थोडं वाटतं. मराठीत काय म्हणतात?"

"आभार," मी म्हणालो.

"हेही थोडंच आहे."

प्राध्यापकाची पंचाईत झाली. जरा वेळाने म्हणालो, "बयो, आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात. ज्याचं खाल्लं त्याच्याशी इमान राखायचं. आभार एकदा मानले की संपतात. हे रोज करावं लागतं."

ती थोडा वेळ बाहेर पाहत बसली. "म्हणजे नऊच्या गोळ्या," ती म्हणाली.

"हो. नऊच्या गोळ्या."

"आणि तू सर्दी झाली की सांगणं."

"तेही," मी म्हणालो. त्या मास्कआड ती हसली असावी. मला तेवढ्याने पुरेसे मोकळे वाटले नाही, पण बरे वाटले.

आकडा हळूहळू वर आला. २.४०, २.४४, २.४८. तिथे तो थांबला. २.६२ पुन्हा दिसला नाही. दिसेल किंवा नाही दिसणार, असे डॉक्टरबाई म्हणाल्या.

निघायच्या दिवशी माझी नीट तपासणी झाली. ताप नाही, घसा स्वच्छ. ताईने टॉर्च लावून पाहिला. मग भाची अगदी जवळ आली आणि डोके पुढे करून म्हणाली, "आता चालेल." जून संपत आला होता, टोरांटोतही घाम येण्याइतके उकडत होते. मी मास्क न काढता तिच्या कपाळाला ओठ टेकले. कापडातून चव कळत नाही. पण मला आजी आठवली.

परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. मरणोत्तर अवयवदानाचा अर्ज भरला आणि तो भरल्याचे घरात सर्वांना सांगितले. वेळ आली की शेवटी विचारतात ते घरच्यांनाच. दुसरी गोष्ट म्हणजे, वर्गात कुणी शिंकले तर मी आता चिडत नाही. शिंकणारा निदान लपवत नाही.

तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. ही बाहेर पणती लावते आणि मी फोन हातात घेऊन पायरीवर बसतो. गोळ्या घेऊन झाल्या की भाची एक आकडा पाठवते. बाकी काही लिहीत नाही. काल २.४९ होता.